पेआउट घेतल्यावर खात्यात काय उरते?

‘पन्नास हजार डॉलरचे फंडेड अकाउंट मिळाले,’ असे डोंबिवलीतला एखादा तरुण घरी सांगतो, तेव्हा घरच्यांच्या डोळ्यांपुढे चाळीस लाख रुपयांहून मोठी रक्कम उभी राहते. प्रत्यक्षात त्या खात्यात त्याच्या हाताशी दोन-अडीच हजार डॉलरच असतात. तेवढा तोटा झाला की खाते बंद होते. उरलेले सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस हजार डॉलर त्याला स्क्रीनवर दिसतात, पण त्यांना हात लागण्याच्या कितीतरी आधी त्याचा खेळ संपलेला असतो. हे बहुतेकांना पहिले खाते उडाल्यावर कळते. त्यापुढची गोष्ट मात्र बऱ्याच जणांना दुसरे-तिसरे खाते उडाले तरी नीट कळलेली नसते. ती म्हणजे नफा झाला, तो काढून घेतला म्हणजे पेआउट घेतला, आता तोट्याची मर्यादा कुठे आहे आणि आपण तिच्यापासून किती दूर आहोत?

व्यवस्था थोडक्यात अशी. कंपनीला फी भरून ‘चॅलेंज’ घ्यायचे. ठरलेला नफा ठरलेल्या मर्यादेत राहून दाखवला की फंडेड खाते मिळते. पुढच्या नफ्यातला ८० ते ९० टक्के वाटा ट्रेडरचा आणि बाकीचा कंपनीचा. तोटा कंपनी सोसते, पण मर्यादा ओलांडली की खाते काढून घेते. शिकागोची टॉपस्टेप २०१२ पासून या धंद्यात आहे, प्रागची एफटीएमओ त्यानंतर आली, आणि त्यांच्या मागोमाग कंपन्यांची रांग लागली.

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात हे लोण का पसरले, याचे पहिले उत्तर घड्याळात आहे. इथला नोकरदार सकाळची लोकल पकडून मुंबईला जातो. एनएसईचे सव्वानऊ ते साडेतीन हे तास ऑफिसात जातात. अमेरिकेचा शेअर बाजार आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सातला उघडतो आणि हिवाळ्यात आठला, म्हणजे माणूस घरी येऊन चहा घेतो त्या सुमारास. दुसरे उत्तर भांडवलाचे. सेबीने ऑक्टोबर २०२४ मध्ये एफ अँड ओचे नियम कडक केले. इंडेक्स डेरिव्हेटिव्हच्या नव्या कॉन्ट्रॅक्टची किंमत किमान १५ लाख रुपये झाली आणि साप्ताहिक एक्स्पायरी प्रत्येक एक्स्चेंजला एकाच बेंचमार्क निर्देशांकावर ठेवता येऊ लागली. हा निर्णय योग्यच होता. त्याच्या आदल्या महिन्यात सेबीनेच अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला होता. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता आणि या ट्रेडर्समध्ये सर्वाधिक वाटा महाराष्ट्राचा होता. पण भांडवल कमी पडलेल्या माणसाला काही हजार रुपयांच्या फीत ‘पन्नास हजार डॉलर’ मिळत असतील, तर तो तिकडे वळणारच.

आता मूळ हिशेब. ट्रेडरचे खरे भांडवल म्हणजे खात्यातली शिल्लक आणि तोट्याची मर्यादा यांच्यातले अंतर. ट्रेडर त्याला ‘बफर’ म्हणतात. पेआउट घेतला की शिल्लक हमखास खाली येते. मर्यादा खाली येते की जागच्या जागी राहते, की वर चढते, यावर पुढचे सगळे अवलंबून असते आणि कंपन्यांचे नियम इथेच एकमेकांपासून वेगळे होतात.

सर्वात सोपा प्रकार स्थिर मर्यादेचा. एफटीएमओच्या दोन टप्प्यांच्या नेहमीच्या खात्यात एकूण तोट्याची मर्यादा सुरुवातीच्या रकमेच्या १० टक्के असते. खाते १,००,००० डॉलरचे, मर्यादा ९०,००० वर. समजा ८,००० नफा झाला. शिल्लक १,०८,००० आणि अंतर १८,०००. नफा काढला की शिल्लक पुन्हा १,००,००० आणि अंतर पुन्हा १०,०००. ट्रेडर पहिल्या दिवसाच्या जागी येतो, त्याच्या मागे जात नाही. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा. ८० टक्के वाटा असेल तर त्याला ६,४०० मिळतात, पण खात्यातून पूर्ण ८,००० वजा होतात. कंपनीचा वाटाही त्याच्याच बफरमधून जातो.

दुसरा प्रकार ट्रेलिंग मर्यादेचा, आणि घोटाळा होतो तो बहुतेक इथेच. अमेरिकन फ्युचर्सच्या फंडेड खात्यांत तो सर्रास आढळतो. खाते ५०,००० चे, मर्यादा २,००० खाली, म्हणजे ४८,००० वर. शिल्लक ५१,००० झाली की मर्यादा ४९,००० वर येते. शिल्लक ५२,००० झाली की मर्यादा ५०,००० वर येऊन थांबते, ‘लॉक’ होते. पुढे शिल्लक ५४,००० झाली. अंतर ४,०००, पहिल्या दिवसाच्या दुप्पट. ट्रेडर खूश होऊन ३,००० काढतो. शिल्लक ५१,०००, मर्यादा ५०,००० वरच, अंतर १,०००. ज्याने चार हजार डॉलर कमावून दाखवले, तो आता पहिल्या दिवसाच्या निम्म्या बफरवर ट्रेड करतो आहे. खात्याचे नाव तेच, लॉट तोच आणि मनात विश्वास मात्र पहिल्यापेक्षा जास्त. पेआउटनंतरच्या आठवड्यात खाती उडतात त्यामागे नशीब कमी आणि ही वजाबाकी जास्त असते.

याच प्रकाराचे एक कडक रूप असे की पहिला पेआउट घेताच मर्यादा सुरुवातीच्या रकमेवर आणून ठेवली जाते, मग ती तिथवर आपणहून पोचलेली असो वा नसो. टॉपस्टेपचे एक्स्प्रेस फंडेड खाते शून्यापासून मोजले जाते. ५० हजारांच्या खात्यात मर्यादा उणे २,००० पासून सुरू होते आणि दिवसअखेरच्या शिलकीबरोबर वर चढत शून्यावर थांबते. पेआउट घेतला की ती थेट शून्यावर जाते. समजा शिल्लक अधिक १,५०० आहे, मर्यादा उणे ५०० आहे, अंतर २,०००. ट्रेडरने ५०० काढले. शिल्लक १,०००, मर्यादा शून्य, अंतर १,०००. पाचशे काढले आणि बफर हजाराने घटला. हा नियम कंपनी लपवत नाही, तो लिहिलेला असतो. पण पेआउटचे बटण दाबणारा माणूस त्या क्षणी मर्यादेचा नियम वाचत नसतो.

तिसऱ्या प्रकारात मर्यादा कुठेच लॉक होत नाही, शिलकीच्या उच्चांकामागे कायम चालत राहते. ५०,००० च्या खात्यात ३,००० चे अंतर असेल आणि शिल्लक ५५,००० वर पोचली असेल, तर मर्यादा ५२,००० वर. त्यातून २,५०० काढले की उरतात ५०० डॉलर. अशा खात्यात नफा काढणे आणि खाते टिकवणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. माझ्या मते हे खाते घेऊच नये. काही कंपन्या उलट पेआउटनंतर खाते नव्याने सुरू करतात, मर्यादाही मूळ अंतरावर नेतात. असा नियम असेल तर तो ट्रेडरच्या बाजूचा आहे. तो जाहिरातीत नाही, करारात लिहिलेला दिसला पाहिजे.

उच्चांक मोजायचा कधी, हाही प्रश्न आहे. दिवसअखेरची शिल्लक मोजली तर दिवसभरातले चढउतार मर्यादेला हलवत नाहीत. उघड्या सौद्यातला कागदी नफाही मोजला, तर गंमत उलटी होते. सौदा १,५०० डॉलर नफ्यात गेला, तुम्ही बाहेर पडला नाहीत आणि तो २०० वर बंद झाला, तरी मर्यादा १,५०० ने वर गेलेली असते. त्या दिवसाने शिल्लक दोनशेने वाढवली आणि बफर तेराशेने कमी केला. त्यानंतर पेआउट घेणारा ट्रेडर आधीच आकसलेल्या बफरला आणखी कापतो.

वित्तक्षेत्रातली जुनी पद्धत याच्या शेजारी ठेवून पाहावी. उच्चांक मोजण्याची ही कल्पना हेज फंडांत पूर्वीपासून आहे. आपल्याकडे सेबीच्या नियमानुसार पोर्टफोलिओ मॅनेजरला कामगिरीची फी याच तत्त्वावर घ्यावी लागते. मागचा उच्चांक ओलांडल्याशिवाय नव्याने फी नाही. म्हणजे तिथे उच्चांक ग्राहकाला जपतो, आणि ग्राहकाने पैसे काढले तर त्या प्रमाणात उच्चांकही खाली धरण्याची रीत आहे, कारण काढलेली रक्कम हा काही तोटा नव्हे. फंडेड खात्यात तेच हत्यार ट्रेडरवर रोखलेले असते आणि काढलेली रक्कम तोट्यासारखीच मोजली जाते. दोन्हीकडचे गणित एकच, फक्त ते कोणाच्या बाजूने चालवायचे हे करार लिहिणाऱ्याने ठरवलेले.

अंतर घटल्याने नेमके काय बिघडते, हे संभाव्यतेच्या एका जुन्या सूत्रातून दिसते. ज्याच्या पद्धतीत ना फायदा ना तोटा अशा ट्रेडरला पुढचे २,००० डॉलर मिळवायचे आहेत. ते मिळण्याआधी खाते न उडण्याची शक्यता म्हणजे बफर भागिले बफर अधिक उद्दिष्ट. बफर ४,००० असेल तर शक्यता तीनांत दोन. बफर १,००० असेल तर तीनांत एक. ब्रोकरेज आणि स्प्रेड धरले की याहून कमी. ट्रेडर तोच, कौशल्य तेच, फक्त मधे एक पेआउट झाला.

आणि हे लॉट न बदलता. इथले बरेच जण सोने ट्रेड करतात. सोन्याचा एक स्टँडर्ड लॉट शंभर औंसांचा, म्हणजे भावात दहा डॉलरचा फरक पडला की खात्यात हजार डॉलरचा. पेआउटनंतर बफर १,००० उरला असेल, तर एका लॉटवर दहा डॉलरची उलटी हालचाल खाते संपवते, आणि सोने दहा डॉलर हलायला बातमीही लागत नाही. नॅसडॅकच्या ई-मिनी फ्युचर्सला एका पॉइंटमागे २० डॉलर पडतात. मायक्रोला २. पेआउटनंतर ई-मिनीवरून मायक्रोवर उतरणे कमीपणाचे वाटते, पण बफर निम्मा झाल्यावर लॉट निम्मा करणे हाच सरळ हिशेब आहे. रिचर्ड डेनिस यांनी १९८० च्या दशकात शिकागोत ज्या ‘टर्टल’ शिष्यांना पैसे देऊन ट्रेडिंगला बसवले, त्यांना असाच नियम होता. खाते १० टक्के खाली गेले की सौद्यांचा आकार २० टक्क्यांनी कमी करायचा. दुसऱ्याच्या पैशावर ट्रेड करणाऱ्यांची ती बहुधा सर्वात नावाजलेली तुकडी, आणि तिची शिस्त आकार लहान करण्याची होती.

‘एक टक्का रिस्क’ हा क्लासमधला नियमही इथे फसवतो. पन्नास हजारांचा एक टक्का पाचशे. दोन हजारांच्या बफरचा तो चौथा हिस्सा आणि एक हजाराच्या बफरचा अर्धा. लागोपाठ दोन स्टॉप लॉस लागले की संपले. टक्का काढायचा तो बफरचा.

रोजच्या तोट्याची मर्यादा हा वेगळा विषय, पण पेआउटनंतर तो यात मिसळतो. समजा, १,००,००० च्या खात्यात रोजची मर्यादा ५,००० आहे आणि ट्रेडर तिच्यावर नजर ठेवून असतो. ट्रेलिंग खात्यात एकूण अंतरच ३,००० उरले असेल, तर ती रोजची मर्यादा कामाची राहत नाही. तिच्या आधीच दुसरी लागते. शिवाय दिवस कधी बदलतो हेही पाहावे. एफटीएमओत प्रागच्या मध्यरात्री मोजणी नव्याने होते तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार वाजलेले असतात. रात्री सौदा उघडा ठेवून झोपणाऱ्याचा ‘दिवस’ झोपेत बदलतो.

इतके वाचून कोणी म्हणेल, मग नफा काढूच नये. ते मला पटत नाही. खात्यात दिसणारा नफा ही ठेव नाही. डोंबिवली नागरी किंवा टीजेएसबीतल्या ठेवीला डीआयसीजीसीचे ५ लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे. फंडेड खात्यातल्या आकड्याला काहीच नाही. बहुतेक ठिकाणी ते खाते सिम्युलेटेड असते, म्हणजे आकडा हा कंपनीने देण्याचे कबूल केलेले येणे असते. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेतील फ्युचर्स बाजाराची नियामक संस्था सीएफटीसीने माय फॉरेक्स फंड्स चालवणाऱ्या कंपनीवर न्यू जर्सीच्या न्यायालयात दावा लावला. १ लाख ३५ हजारांहून अधिक ग्राहकांकडून किमान ३१ कोटी डॉलर फी गोळा केल्याचा उल्लेख त्यात होता. मालमत्ता गोठली, पेआउट थांबले. मे २०२५ मध्ये न्यायालयाने सीएफटीसीच्याच वर्तनावर ताशेरे ओढत दावा कायमचा काढून टाकला. कंपनी न्यायालयात जिंकली, पण ज्या ट्रेडरने बफर जपण्यासाठी नफा आत ठेवला होता, त्याला त्या ऑगस्टमध्ये त्या बफरचा उपयोग झाला नाही.

म्हणून माझे मत असे. पहिला पेआउट भरलेल्या फीइतका लवकरात लवकर काढावा, मग बफर घटला तरी चालेल. मात्र त्याच दिवशी लॉट त्याच प्रमाणात उतरवावा. त्यानंतर काढल्यावर उरणारे अंतर मूळ अंतराइतके तरी असेल तेव्हाच काढावे, आणि त्याच्या वरचे साठवत बसू नये. कंपन्या स्वतःच ‘सेफ्टी नेट’ म्हणून किमान शिल्लक ठरवतात, पण ती कंपनीच्या सोयीने ठरलेली असते. ती गाठली म्हणजे पेआउटचे बटण उघडते, एवढाच तिचा अर्थ.

काढलेल्या पैशांतले घरी काय येते, तेही मोजावे. वरच्या उदाहरणातले ३,००० डॉलर घ्या. ८० टक्क्यांनी हातात २,४००. हे उत्पन्न करपात्र आहे. ट्रेडर ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर सेससह ३१.२ टक्के जाऊन साधारण १,६५० उरतात. बँकेचा विनिमयाचा कट वेगळा. म्हणजे तीन हजारांचे अंतर देऊन साडेसोळाशे घेतले. पेआउट क्रिप्टोत घेतला तर त्या क्रिप्टोच्या विक्रीवरच्या नफ्याला ३० टक्क्यांचा स्वतंत्र दर आणि व्यवहारावर एक टक्का टीडीएस लागू होतो. तो क्रिप्टो अनोळखी माणसाला विकून रुपये घेतले आणि समोरचे पैसे कुठल्या सायबर गुन्ह्यातले निघाले, तर गोठते ते आपले बँक खाते. पगाराचे खाते असे अडकले की घराचा हप्ताही अडकतो.

कायद्याची बाजू आणखी गंभीर आहे. भारतात राहणाऱ्याला परकीय चलनाचे सौदे रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेल्या व्यक्तींशी आणि अधिकृत मंचांवर किंवा मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरच करता येतात. परदेशातील एक्स्चेंजला किंवा प्रतिपक्षाला मार्जिन पाठवणे आणि परदेशात चलनाच्या ट्रेडिंगसाठी पैसे पाठवणे परदेशी पैसे पाठवण्याच्या एलआरएस योजनेखाली चालत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये ३४ नावांची सावधगिरीची यादी काढली, पुढे ती वाढत गेली, आणि यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असे समजू नये, हेही तिने स्पष्ट केले. फंडेड कंपन्यांचे म्हणणे असे की आम्ही मूल्यमापनाची फी घेतो, मार्जिन नव्हे. हा युक्तिवाद आपल्या यंत्रणांपुढे टिकेल असे धरून कोणी संसाराचा पैसा त्यात घालू नये.

निफ्टी-बँक निफ्टीवर असे खाते देणाऱ्या देशी योजनांनाही जागा उरलेली नाही. सूचीबद्ध शेअरच्या भावांवर चालणारे व्हर्च्युअल ट्रेडिंग आणि पेपर ट्रेडिंगचे मंच बेकायदा असल्याचा इशारा सेबीने ४ नोव्हेंबर २०२४ ला दिला. तिथे पेआउट अडला तर ना सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रार मंचावर तक्रार होते, ना एक्स्चेंजचे तक्रारनिवारण मिळते. ओळखीतून चालणाऱ्या प्रोप डेस्कवर डिपॉझिट ठेवून ट्रेड करण्याचा प्रकार याहून जुना. तिथे डिपॉझिट हाच बफर, आणि नफा उचलला तर पुढचा तोटा आधी कशातून कापायचा, हे तोंडी बोलीवर ठरते. तोंडी बोलीला पेआउटच्या दिवशी दोन अर्थ निघतात.

राहता राहिले क्लासवाले. नौपाड्यापासून कल्याणच्या मुरबाड रोडपर्यंत ट्रेडिंगचे क्लास आहेत. फंडेड कंपन्यांचे कूपन कोड वापरून विद्यार्थ्याने चॅलेंज घेतले की कोड देणाऱ्याला कमिशन मिळते, आणि खाते उडून नवे घेतले की पुन्हा मिळते. सेबीने ऑगस्ट २०२४ मध्ये नोंदणीकृत संस्थांना बेनोंदणी सल्लागारांशी संबंध ठेवायला मनाई केली, पण परदेशी कंपनीचा कूपन कोड तिच्या कक्षेबाहेर राहतो. निदान कोड देणाऱ्याने कमिशन उघड सांगावे, आणि फळ्यावर कँडलस्टिक काढण्याआधी पाच आकड्यांचे कोष्टक काढावे. सुरुवातीची शिल्लक, मर्यादा, उच्चांक, पेआउट, आणि पेआउटनंतरचे अंतर. विद्यार्थ्याने फी भरण्यापूर्वी हेच पाच आकडे भरून कंपनीच्या सपोर्टला ईमेल करावा आणि शेवटचा आकडा बरोबर आहे का, एवढेच विचारावे. लेखी उत्तर आले तर ते जपून ठेवावे. न आले, किंवा गोलमोल आले, तर फीचे पैसे खिशात राहू द्यावेत.